आमच्या वस्तीचा पत्ता

‘‘मॅडम, तुमचा तो वाडा यादीत दिसत नाही. पळाला की काय?’’

साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले. सगळे हसले. मला सातवा महिना चालू होता. मी पोटावर हात ठेवून बसून राहिले.

शहराचा कारभार ऑनलाइन आणायचं ठरत होतं. जन्मदाखला, घरपट्टी, नळजोडणी, सगळ्यांसाठी पत्त्यांची एकच यादी. ती बनवायचं काम माझ्याकडे. मी नगरपालिकेच्या संगणक विभागात कंत्राटी इंजिनिअर. कंत्राटी माणसाने हसणाऱ्यांबरोबर हसायचं असतं, एवढं मी शिकले होते.

आमची वस्ती कुळगावात. नाव सिद्धार्थनगर. बाप आनंदनगरच्या कारखान्यात राबायचा. सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या माणसांना घेऊन त्याने कमान उभी केली, अक्षरं स्वतः रंगवली. पण साहेबांनी दिलेल्या जुन्या यादीत आमची जात होती, आणि तिला चिकटून वाडा. ते नाव मी इथेही लिहिणार नाही. शाळेत बाई मला त्याच जातीच्या नावाने हाक मारायच्या. आडनाव हजेरीत असून.

मी ते खोडून सिद्धार्थनगर टाकलं होतं. तेच साहेबांना खुपलं.

‘‘नाव बदलून जागा बदलते का? पब्लिक जुन्याच नावाने सर्च करते. सिस्टीममध्ये इमोशन नको, मॅडम.’’

साहेब राहतात तो टॉवर म्हशींच्या तबेल्याच्या जागेवर उभा आहे. आजही रिक्षावाल्याला तबेलाच सांगावं लागतं. यादीत मात्र बिल्डरने ठेवलेलं झुळझुळीत इंग्रजी नाव. त्यावर कोणाची हरकत नव्हती.

माझं डोकं फिरलं.

‘‘ठीक आहे सर. मग तुमच्या टॉवरला पण तबेला टाकते. रिक्षावाले तेच बोलतात.’’

आता कोणी हसलं नाही. साहेबांचा चेहरा उतरला.

‘‘उद्यापर्यंत जुनं नाव टाका. नाहीतर पुढच्या कंत्राटाचं विसरा.’’

मी टाकलं नाही. माझ्या जागी दुसरा आला. तो टाकेल. नोकरी गेली याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. घरात माझाच पगार येत होता.

पण पोर जन्माला येईल तेव्हा दाखला याच सिस्टीममधून निघणार. त्यावर ते नाव छापून आलं तर मी तो हातात घेणार नाही. सगळी वस्ती घेऊन पालिकेतल्या दाखल्यांच्या खिडकीसमोर बसेन. दाखल्यावाचून माझं पोर वाढेल. त्या नावाखाली वाढणार नाही.