मानपत्र मी लिहिलं, करार वाचला नाही

माझी आई अकरा वर्षं लातूरच्या एका डाळ मिलमध्ये तूरडाळ निवडत होती आणि त्या मिलच्या एकाही कागदावर ती नव्हती. हे आम्हाला कळलं ते ती पोत्यांच्या थप्पीवरून पडली तेव्हा. उजवं मनगट मोडलं. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. ऑफिसात जाऊन म्हटलं, कामावर पडलीय, दवाखान्याचं बघा. मॅनेजरनं हजेरीचं मस्टर माझ्यापुढं सरकवलं. म्हणाला, यात दाखवा तुमची आई. निवडणाऱ्या एकाही बाईचं नाव त्यात नव्हतं. बायका मुकादमाच्या, मिलच्या नाहीत, असं त्यानं सांगितलं. मुकादम म्हणाला, मी फक्त बायका आणून सोडतो.

आम्ही मूळचे नायगावकडचे. वडिलांची पाठ हमालीनं आधीच गेलेली, ते घरी पडून. आईचं मनगट हाडवैद्यानं बांधलं, ते वाकडंच जुळलं. धाकट्या दोघांना मुरुडला मावशीकडं ठेवावं लागलं, कारण घरात दोन्ही वेळा चूल पेटेल याची खात्री नव्हती. दीड महिन्यानं आई त्याच मिलमध्ये, त्याच मनगटानं, पुन्हा डाळीपुढं जाऊन बसली.

मी पदवी घेतली. आमच्या सगळ्या भावकीत पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते. नोकरी मिळाली ती त्याच मिलच्या वजनकाट्यावर, गाड्यांच्या नोंदी लिहायची.

मिलमध्ये युनियन होती. म्हणजे एक साहेब होते. पांढरा सदरा, चार मिलच्या युनियनी एकाच खिशात. मोर्चा निघाला की निवडणाऱ्या बायका पुढं, कारण बायका पुढं असल्या की पोलीस जरा दमानं घेतात. बैठक असली की त्याच बायका दाराबाहेर, चपलांजवळ. आम्ही मागणी एकच केली होती: बायकांची नावं मस्टरवर घ्या. त्यासाठी चार दिवस गेटवर बसलो. चौथ्या दिवशी साहेब एकटे आत गेले, तासाभरानं हसत बाहेर आले आणि म्हणाले, करार झाला.

आता आमच्याकडची रीत बघा. काम झालं म्हटलं की आधी सत्कार. फेटा, शाल, नारळ, आणि एखादा शिकलेला सापडला तर मानपत्र. शिकलेली मी होते. मी दोन दिवस बसून मानपत्र लिहिलं. श्रमिकांचे कैवारी, दीनदुबळ्यांचा आधारवड, कुठले कुठले शब्द हुडकून आणले. माझं अक्षर चांगलं आहे याचाही गर्व होता. शाल आईच्या हातून दिली, कारण बायकांत ती थोरली. फेटा मिलमधल्या सगळ्यात जुन्या हमालमामांनी बांधला. टाळ्या झाल्या. करारात काय लिहिलंय हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

पुढच्या महिन्यात नवं मस्टर आलं. हमालांची नावं होती, मशीनवरच्यांची होती. बायकांची नव्हती. साहेबांकडं कराराची प्रत मागायला गेले तर ते म्हणाले, "ताई, मानपत्र तुमच्याच हातचं ना? मग आता खामखा शंका कशाला?" प्रत मिळवायला मला चार खेटे घालावे लागले. त्यात बायकांबद्दल एकच ओळ होती: निवड विभागाबाबत पुढे विचार केला जाईल.

हमालांना सांगितलं तर ते माझ्यावरच उखडले. ज्याच्या डोक्याला आपण फेटा बांधला, त्याला जाब विचारायचा? आपलीच अब्रू जाते, म्हणे. वाकड्या मनगटानं रोज डाळ निवडणाऱ्या बाईची अब्रू कुणाच्या हिशेबात नव्हती.

घरी येऊन साहेबांना शिव्या घातल्या. आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "लिहायला बोलावलं तवा पळत गेलीस. वाचायला कोण गेलं?"

त्या बोलण्याचा राग मला कितीतरी दिवस पुरला. साहेबांचा राग सोपा होता. स्वतःचा नव्हता.

तरी दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत बारदान्याच्या ढिगाजवळ बायकांना बसवलं आणि करार मोठ्यानं वाचला. पहिल्या ओळीपासून, काही न गाळता. एक जण म्हणाली, "ह्यो कागद हाय का गोळी? झोप यायलीय." तरी उठली कुणीच नाही. हमाल लांब उभे राहून ऐकत होते. सातव्या कलमाला आले. पन्नाशी ओलांडलेल्या हमालाला मालक मुकादमाकडं वर्ग करू शकेल, असं त्यात होतं. म्हणजे मस्टरवरून नाव कमी.

हमालमामा जवळ आले. "परत वाच ते."

परत वाचलं. ते खाली बसले, बायकांच्या रांगेत, आणि म्हणाले, "अन् फेटा म्या बांधला न्हवं का."

आईनं लगेच ऐकवलं, "शाल म्या दिली की. बसा आता, डबा खावा."

तिथून युनियन आमची व्हायला लागली. सहज नाही झाली. साहेबांनी माणसं फोडली, मला काट्यावरून काढायची भाषा झाली, निवड विभागातल्या दोघींना मुकादमानं आठवडाभर कामावर घेतलं नाही. पण सुट्टीतलं वाचन थांबलं नाही. प्रत्येक विभागानं आपला माणूस हात वर करून निवडला. आत एकट्यानं जायचं नाही, सगळ्यांपुढं वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि सत्कार कुणाचाच नाही, असं ठरलं. साहेबांना पत्र देऊन मोकळं केलं. ते पत्रही मीच लिहिलं, तीन ओळींचं.

तुरीच्या ऐन हंगामात काम बंद केलं. बोलणी करायला पाच जण आत गेलो, त्यात तीन बायका. मॅनेजर म्हणाला, एवढी जत्रा कशाला, एकानं बोला. आई म्हणाली, "एक जण आला हुता मागं. आमाला लई महागात पडला."

मालकानं दिलेला मसुदा आम्ही गेटवर आणून वाचला. दोनदा परत पाठवला, कारण दोन्ही वेळा बायकांच्या नावांच्या जागी मुकादमाचं नाव होतं. तिसऱ्यांदा आलेला मसुदा वाचून झाल्यावर सगळ्यांनी हात वर केले, मग सह्या झाल्या.

निवड विभागातल्या एक्केचाळीस बायका आता मिलच्या मस्टरवर आहेत. सातवं कलम रद्द झालं. कामावर कुणाला लागलं तर दवाखाना मिल बघते.