लिव्हरवाला मास्तर

लिव्हर खराब झालंय असं सांगितलं की आमच्या अकोल्यातला माणूस आधी तुमचं तोंड हुंगतो. मग डोळे बारीक करून विचारतो, "मास्तर, कवापासून घेत होते?" मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. मधुमेहाने आणि चरबीने माझं लिव्हर निबर केलं, डॉक्टर त्याला सिरॉसिस म्हणतात. पहिले दोन महिने मी हे प्रत्येकाला नीट समजावत होतो. लोक मान डोलवायचे आणि बाहेर जाताना माझ्या बायकोकडे पाहून हळहळायचे. शेवटी समजावणं सोडलं. शेजारच्याने विचारलं तेव्हा म्हणालो, "बालवाडीपासून." त्याला ते पटलं असावं, असा माझा अजून संशय आहे.

याच लोकांच्या पोरांना मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. फुकट गेलं सगळं.

खरा जाच रोगाच्या लक्षणांचा होता. पोटात पाणी, पायावर सूज आणि अंगाला अशी खाज की मी दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहायचो, म्हशीसारखा. मीठ जवळजवळ बंद. भेटायला येणारे नेमकं लोणचं घेऊन यायचे. "एवढ्याशानं काई होत नाई," असं म्हणायचे आणि जाताना बरणी आठवणीने परत मागायचे.

सगळ्यांवर कडी माझ्या धाकट्या भावाची. तो पातूरकडे वांगी, कोथिंबीर, मेथी पिकवतो. माझे डोळे पिवळे दिसले तसा तो मला एका कावीळ उतरवणाऱ्याकडे ओढूनच घेऊन गेला. त्या बाबाने माझ्या हातांना कसल्याशा सालीचा लगदा चोळला आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळंजर्द झालं. "पाह्य भाऊ, उतरून राह्यली!" भाऊ हरखून ओरडला. मी त्याला म्हणालो, "आता तू धू." त्यालाही तोच लगदा, तेच पाणी, तोच पिवळा रंग. मला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात उजेड पडेल. तर हा घाबराघुबरा होऊन म्हणतो, "काहून बा, मले बी झाली काय?" आणि तिथेच त्याने स्वतःच्या गळ्यात काविळीची माळ बांधून घेतली. पुढे महिनाभर धडधाकट माणूस बिनतेलाचं खात होता. ही गोष्ट मी येईल त्याला सांगितली, तो समोर बसलेला असताना मुद्दाम सांगितली. तो खाली मान घालून हसायचा.

डॉक्टरांनी मला एक गोड, चिकट औषध दिलं होतं. खराब लिव्हर रक्तातली अमोनियासारखी घाण काढू शकत नाही, पोट तुंबलं की तीच घाण डोक्यात चढते आणि माणूस भ्रमिष्ट होतो. म्हणून औषध घेऊन रोज दोन-तीनदा पातळ शौचाला झालीच पाहिजे, असं त्यांनी बजावलं होतं. मीच उलट त्यांना अमोनियाचं रसायनशास्त्र ऐकवून आलो. मरणाची मला फारशी भीती नव्हती. डोकं जाण्याची होती. या मूर्खांच्या गावात माझ्याकडे तेवढी एकच चीज धड होती.

मग अमरावतीला पुतणीचं, म्हणजे याच भावाच्या मुलीचं लग्न निघालं. लग्न मुलाकडे होतं. एसटीने जायचं. मध्येच पोटात कळ आली तर कंडक्टरपुढे हात जोडून मूर्तिजापूरच्या अलीकडे बस थांबवायची, सगळ्या गाडीने खिडकीतून मास्तरांना झुडपामागे जाताना बघायचं, आणि तिकडे व्याह्यांच्या घरी संडासाबाहेर रांगेत उभं राहायचं! ते माझ्याने होणं नव्हतं. तीन दिवस आधीच मी औषध बंद केलं, कुणाला सांगितलं नाही. पोट गच्च झालं आणि मी निर्धास्त झालो.

अक्षता टाकल्याचं आठवतं. पुढचं मला इतरांनी सांगितलं. पंगतीत बसल्यावर मी समोरच्या भाताच्या ताटावर पेनाने सही करायला लागलो. मग वऱ्हाड्यांची हजेरी घेतली. हात थरथरत होते, जीभ जड झाली होती. मांडवात हशा पिकला. "मास्तरनं आज जरा जास्तच टाकली!" एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत दुसरं काही कुणाला सुचलं नाही.

सुचलं ते माझ्या भावाला. "माहा भाऊ पेत नाई," तो ओरडला. त्याने कुणाच्या तरी गाडीत मला घातलं आणि दवाखान्यात आणलं. मागे त्याच्या एकुलत्या एका पोरीची पाठवणी बापाशिवाय झाली.

तीन दिवसांनी मी भानावर आलो. भाऊ बाहेरच्या बाकावर लग्नातल्याच कपड्यांत झोपला होता. बायको खाटेजवळ बसली होती. मी जन्मभर लोकांना अडाणी म्हणत आलो, आणि एसटीतल्या चार लोकांची लाज वाटली म्हणून स्वतःचं डोकं स्वतः नासवलं. माझ्याइतका अडाणी त्या अख्ख्या मांडवात नव्हता. तिला विचारलं, "मी फार शिव्या दिल्या का गं?"

"नाई."

"मग काय बरळत होतो?"

तिने माझ्या अंगावरची चादर सारखी केली. "रोज मले इचारत होते, तू जेवली का. भावजीले जवळ बसवून म्हणाले, तुह्या हातचं वांगं भल्लं गोड राह्यते. त्यायचा हात सोडून नोयते राह्यले." मग म्हणाली, "लगन झाल्यापासून पयल्यांदा इचारलं तुमी मले."

नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात नर्स आत आली, माझे डोळे पाहिले, मला हात पुढे धरायला लावून थरथर गेली का ते बघितलं आणि बायकोला विचारलं, "काय ताई, आता पहिल्यासारखेच झाले ना?"

"हो," बायको म्हणाली. "झाले पयल्यासारखेच."

तिच्या आवाजात आनंद नव्हता, आणि तो का नव्हता हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.