नवरात्रातला माझा एकपात्री

कॅनडात मी एकपात्री प्रयोग करतो. शेतकऱ्याचा मुलगा, पुरुषावर प्रेम करणारा, भाड्याच्या घरात कपाटावर देव मांडून रोज दिवा लावणारा, असा मी तासभर इंग्रजीत एकटाच बोलतो. तिथले लोक मन लावून ऐकतात, नंतर मला 'धाडसी' म्हणतात आणि आपापल्या घरी जातात. डोंबलाचं धाडस! ज्या एका बाईला हे सांगायचं, ती देऊळघाटला, आणि तिला इंग्रजीचा गंध नाही.

म्हणून परवाच्या नवरात्रात गावी आलो तेव्हा ठरवलं, प्रयोग देवीच्या मांडवात करायचा आणि आपल्या बोलीत करायचा. "ऑर्केस्ट्रापेक्षा बरं," म्हणत काकांनी मंडळाला पटवलं. विषय काय, ते त्यांनी विचारलं नाही. मीही आगाऊपणा केला नाही.

प्रयोगात एका जागी मी साडी नेसतो, ठसठशीत कुंकू लावतो आणि आई होऊन बोलतो, "माह्या लेकाचं बायांत मन नाही रमत. तो एका माणसासंग राह्यते. मले सारं ठाऊक हाय." खरी आई असं कधीच बोलली नव्हती. तिनं बोलावं म्हणून मी लिहून ठेवलेलं ते वाक्य.

त्या संध्याकाळी ती समोर सतरंजीवर बसली होती. "माह्या लेकाचं" एवढं म्हणालो, तिच्याकडे पाहिलं, आणि हातपाय लटपटायला लागले. पुढचा शब्द फुटेना, नुसता हुंदका आला. नवरात्र, साडी, कुंकू आणि थरथरणारा माणूस. पुढ्यातली एक म्हातारी उठून ओरडली, "माय आली वं, माय!"

झालं. कोणी ढोल बडवायला घेतला, बायका हळदकुंकू घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. माझ्या अंगात देवीबिवी काही आलेली नाही, असं मी सांगत होतो, पण त्या गदारोळात ऐकतो कोण! "माय, माह्या सुनेची कूस कधी उजवते?" "माय, धाड गावच्या पोराचं स्थळ पाहू का?" सगळ्या पाया पडत होत्या आणि माझं एकही वाक्य कोणाला नको होतं. इतकं एकटं मला परक्या मुलखातही कधी वाटलं नाही. फार राग आला.

मग रांगेतून आई पुढं आली. तिची नजर पाहूनच कळलं, ही फसलेली नाही. तिनं माझ्या पदरात खण-नारळ घातला आणि खालच्या आवाजात बोलली.

"माय, लेकाले फोन लावला का मागून एक माणूस खोकलत राहे. लय दिवस झाले, खोकला ऐकू येत नाही. लेकाले विचाराची हिंमत होत नाही मले, म्हणून तुले विचारते. त्याले काई झालं तर नाही ना?"

तो गेल्या हिवाळ्यात आपलं सामान घेऊन मला सोडून गेला होता. प्रयोगात मी त्याला अजून घरातच ठेवला होता.

"बरा हाय तो," मी म्हणालो.

आईनं माझ्या पायांवर डोकं टेकलं. "माह्या लेकाले तिकडं त्याचीच सोबत हाय, माय. सांभाळजो त्याले." आणि मागच्या बाईला वाट देऊन ती बाजूला झाली.