पाहुण्यांचे तेल

युरोपात लढाई सुरू झाली आणि विलायती तेलाचे डबे मुंबईच्या बंदरात येईनासे झाले, तेव्हा मी कोल्हापुरात एका जहागीरदारांच्या कचेरीत इंग्रजी पत्रे लिहिणारा कारकून होतो. मला त्या डब्यांची खंत नव्हती. आमच्या घरी भांड्यांपेक्षा चोपड्या जास्त. विलायती साखरेविरुद्ध, दारूविरुद्ध, शिवाशिवीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध. वडील त्या मोठ्याने वाचत आणि आम्ही जेवत असू. परदेशी माल बाजारातून नाहीसा झाला की मला तो आपला विजय वाटे, मग तो दुसऱ्यांच्या तोफांनी मिळवून दिलेला का असेना.

पण जहागीरदारांच्या मोटारीला चोपड्या वाचता येत नव्हत्या. ती शर्यतीच्या जातीची मोटार होती. लांब नाकाची, बसकी, वेगासाठीच बांधलेली. मुंबईच्या एका साहेबाने स्वदेशी परतताना ती विकली आणि जहागीरदारांनी ती घेतली. तिचे इंजिन फार तापे. तेल पातळ पडले की आतले लोखंड लोखंडाला घासे आणि मोटार जागीच धरून बसे.

ती मोटार हाकणाऱ्याला सगळी पागा चाचा म्हणे. मीही म्हणे. त्यांच्या आज्यापासून त्या घराण्याने जहागीरदारांची घोडागाडी हाकली होती. मोटार आली तेव्हा सरकारांनी, म्हणजे जहागीरदारांनी, चाचांना मुंबईला पाठवून शिकवून आणले. तरी ते 'चालवतो' म्हणत नसत, 'हाकतो' म्हणत. आणि मोटार थांबवताना तोंडाने 'हो, हो, हो' केल्याशिवाय त्यांचा पाय दाबत नसे.

मोटारीबरोबर एक इंग्रजी चोपडी आली होती. ती मराठीत वाचून दाखवणे हे माझ्या कामात धरले गेले. "गिअरच्या पेटीतले तेल मधून मधून पूर्ण काढून टाकावे आणि नवे भरावे," असे मी वाचले, तेव्हा चाचा हसले.

"मुरल्यालं वंगण टाकून द्याचं? ह्यांनी कधी बैलगाडी बघितल्या का?"

त्यांचे म्हणणे आमच्या भागातल्या कोणालाही पटले असते. गाडीच्या आसाला एरंडेल आणि जळक्या गवताची राख यांचे वंगण लावतात. ते जितके जुने तितके काळे, आणि जितके काळे तितके चांगले. शहाणा गाडीवान जुने पुसत नाही, वरून नवे लावतो. चाचांनी गिअरच्या पेटीचेही तेच केले. जुने राहू दिले, वरून भर घातली.

पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबिळाच्या चढावर, मोटार कडकड करून थांबली. सरकार आत बसलेले होते. समोरून गुळाच्या रव्यांनी, म्हणजे ढेपांनी, भरलेली बैलगाडी येत होती. गाडीवानाने मोटारीकडे बघितले, सरकारांकडे बघितले आणि विचारले, "पावणं, बसताय न्हवं?" त्याने सरकारांना ओळखले नव्हते. सरकार गुळावर बसून परत आले.

पागेत पेटी उघडली तेव्हा तळाचे काळे वंगण उन्हात चमकत होते. गिअरच्या दात्यांचा कीस होता तो. वंगणात मुरून तो कानस झाला होता आणि राहिलेले दाते खात होता. चाचांनी ते बोटावर घेतले आणि बराच वेळ चोळत राहिले. दुरुस्तीला लोहारापासून मुंबईच्या कारखान्यापर्यंत सगळे लागले. मोटार परत आली त्या दिवशी सरकारांनी चाचांना बोलावले. रागाने नव्हे, ते रागावले की आवाज उलट खाली जाई.

"दिवाळीनंतर आमचे पाहुणे येणार आहेत. त्यांना घेऊन पन्हाळ्याला जायचं आहे. मोटार न थांबता गडावर गेली, तर तुमची जागा तुमच्याकडे. थांबली, तर आम्ही मुंबईचा माणूस ठेवतो. तुम्ही घोड्यांकडे."

घोड्यांकडे जाणे म्हणजे काय ते मला चाचांच्या चेहऱ्यावरून कळले. पागेत आता दोनच म्हातारी जनावरे होती.

तेलाचा शोध तेव्हापासून सुरू झाला. विलायती डब्यातले थोडे उरले होते, पण चढाला पुरेल एवढे नव्हते. चोपडीतच एका कोपऱ्यात लिहिले होते की जोरात चालवायच्या मोटारीला शुद्ध एरंडेल उत्तम. मी ते वाक्य पुन्हा वाचले. एरंडेल! माझे रक्त उसळले. मी पागेत जाऊन जवळजवळ भाषणच केले. शेताच्या बांधावर उगवणारा आपला एरंड विलायती यंत्राला पुरून उरतो, वगैरे. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा ठेवणारा, घोड्याचा खरारा थांबवून ऐकत होता.

"लढाईतल्या उडत्या इमानास्नी बी एरंडेलच पाजत्यात म्हणं," तो म्हणाला. "इमानाचं बी पोट साफ व्हाय लागतंय व्हय?"

चाचा हसले नाहीत. त्यांना माझ्या भाषणाशी देणेघेणे नव्हते, चढाशी होते. "मास्तर, आधी तापवून बघू," एवढेच ते म्हणाले.

पहिले एरंडेल त्यांच्या घरातलेच होते. बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेले तेल. लोखंडी पळीत तापवले तर ते तडतडले. त्यात पाणी राहिले होते. ते बाद. मग आम्ही शुक्रवार पेठेतल्या तेलघाणीवर गेलो. सोमवार होता. तेली लिंगायत, सोमवारी बैल जुंपत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि बिया न भाजता पहिल्या दाबाला निघालेले तेल मागितले. तेली म्हणाला, "कुणाचं पोट दुखतंय?" चाचा म्हणाले, "सरकारांच्या मोटारीचं." ते तेल गाळून पळीत धरले. तापून धूर आला तरी तडतडले नाही आणि पळीच्या कडेला चिकटून राहिले. चाचांनी मान हलवली.

मग विलायती डब्यातले उरलेले तेल त्यात मिसळून बघितले. काचेच्या भांड्यात दोन्ही ओतली, ढवळली, ठेवली. थोड्या वेळाने दोन्ही वेगवेगळी झाली. मध्ये फाटल्या दुधासारख्या गुठळ्या. चाचा भांडे उजेडाकडे धरून म्हणाले, "हे दोघं एका घरात नांदत न्हाईत." इंजिन घासलेटने धुऊन घेतले आणि त्यात एकटे एरंडेल भरले.

गिअरच्या पेटीचा प्रश्न निराळा होता. तिथे दाट काही हवे. मुंबईहून आलेला चरबीचा एक डबा पडून होता. चरबी कोणत्या जनावराची, हे डब्यावर नव्हते. चाचांना एका जनावराची शंका होती, मोतद्दाराला दुसऱ्याची. दोघांनी वेगवेगळ्या कारणांनी एकाच डब्याला हात लावायचे नाकारले. शेवटी चाचांनी खाटकाकडून बकऱ्याची चरबी आणली, त्यांच्या घरच्यांनी ती कढवून गाळली, आणि चाचांनी ती एरंडेलात कालवून पेटीत भरली. मोटार रंकाळ्याला फेरी मारून आली. गिअर बदलताना आवाज येत नव्हता. चाचा त्या दिवशी पहिल्यांदा मला 'मास्तर'ऐवजी 'बाळ' म्हणाले.

पाहुणे आले. दुसऱ्या एका संस्थानातले होते, मोटारींचे शौकीन. त्यांनी सरकारांसाठी भेट म्हणून विलायती तेलाचा एक सीलबंद डबा आणला होता. लढाईच्या दिवसांत ती किमती भेट होती. सरकारांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मला हाक मारली.

"कारकून, हे पागेत द्या. उद्या हेच मोटारीत घालायला सांगा."

मी डबा घेऊन पागेत गेलो. चाचांनी तो बघितला आणि खाली बसले.

"वरून घातलं तर गुठळ्या," ते म्हणाले. "सगळं काढून हेच भरावं, तर एवढ्याशानं इंजन भरत न्हाय."

"सरळ नाही म्हणा," मी म्हणालो. "खरं तेच सांगा. भिता कशाला?"

"तू सांग की. तुझ्या चोपड्यांत लिवलंय न्हवं, खरं बोलावं म्हणून?"

मी गेलो. मला खरोखरच वाटत होते की नीट सांगितले तर माणूस ऐकतो. सरकार पाहुण्यांबरोबर बसले होते. मी एरंडेलाचे नाव काढताच त्यांचा आवाज खाली गेला.

"पाहुण्यांच्या देण्याची चिकित्सा आमच्या घरात होत नाही. आम्ही काय म्हणालो? मोटारीत घाला."

पाहुणे खिडकीबाहेर बघत होते. मी परत आलो. संतापाने मला नीट बोलता येत नव्हते. यंत्राला हुकूम कळत नाही, हे या लोकांना कोण सांगणार, असे काहीतरी मी बडबडलो. चाचा मध्येच म्हणाले, "थांब. काय म्हणाले नेमकं? इंजनात घाला, का मोटारीत घाला?"

"मोटारीत."

"नक्की?"

"दोनदा म्हणाले."

"मग झालं की."

सकाळी त्यांनी गिअरची पेटी रिकामी केली, घासलेटने धुतली आणि पाहुण्यांचे तेल तिच्यात ओतले. मला ते आवडले नाही. खरे बोलायला बंदी झाली की माणूस शब्दांच्या फटीतून वाट काढतो आणि त्यालाच हुशारी समजू लागतो, असे मी त्यांना म्हणालो. चाचा झाकण आवळत होते.

"फट हाय म्हणून तरी जातोय. न्हायतर घोड्यांकडं जाऊ?"

"पण पेटीला हे पातळ पडेल."

"पडंल. बोंबलंल. पर चढंल."

मोटारीत पुढे चाचा आणि मी, मागे सरकार आणि पाहुणे. मला घेतले ते वाटेत पाहुण्यांना काही इंग्रजी लिहून घ्यायचे होते म्हणून. पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत काही विशेष झाले नाही. मग चढ लागला, गिअर खाली घेतला आणि पेटीने असा सूर लावला की शेतातली माणसे उभी राहून बघू लागली. सरकारांनी पुढे वाकून विचारले, "हे काय कोकलतंय?" चाचांनी ऐकू न आल्यासारखे केले. खरोखरच ऐकू येण्याजोगे नव्हते.

वाघबिळापाशी इंजिन तापले. धूर येऊ लागला, आणि त्याबरोबर एरंडेलाचा तो जड, गोडसर वास. चाचांचे दोन्ही हात चाकावर होते, ओठ हलत होते. ते मोटारीशी बोलत होते की देवाशी, मला कळले नाही. मागच्या वेळी मोटार जिथे थांबली होती ते वळण आले. पेटी किंचाळत होती, इंजिन मात्र सारखे चालत होते. वळण मागे पडले. चाचांनी त्याकडे बघितलेसुद्धा नाही.

गडावर सपाटीला मोटार उभी राहिली. पाहुणे खाली उतरले, पुढे आले आणि इंजिनावर वाकून त्यांनी वास घेतला.

"हे एरंडेल आहे," ते म्हणाले. "माझं तेल कुठे आहे?"

सरकारांनी चाचांकडे बघितले. चाचांनी माझ्याकडे. मग सरकारांनीही माझ्याकडेच बघितले. "कारकून, तुम्ही सांगा."

"गिअरच्या पेटीत आहे, सरकार. आपण मोटारीत घाला म्हणालात. इंजिनात एरंडेल होते, त्यात घातले असते तर दोन्ही फाटली असती आणि आपण पुन्हा वाघबिळाला थांबलो असतो."

"हे काल का सांगितलं नाही?"

"सांगायला आलो होतो."

मग पाहुणे हसले. पोट धरून हसले.

"म्हणजे वाटभर माझंच तेल ओरडत होतं तर! जहागीरदारसाहेब, हा माणूस मला द्या. माझ्याकडे दोन मोटारी आहेत आणि असल्या एका डब्याने भागत नाही म्हणून दोन्ही उभ्या आहेत."

'द्या' हा शब्द माझ्या कानात तापल्या सळईसारखा गेला. घोडा द्या, गालिचा द्या, माणूस द्या. मी तोंड उघडले होते, पण चाचा आधी बोलले. ते मोटारीला टेकून उभे होते.

"मला नगा देऊ, सरकार. तुम्ही शब्द दिल्ता. मोटार थांबली न्हाय."

सरकारांनी पाहुण्यांकडे बघितले, मग खाली वाटेकडे. पाहुण्यांची मागणी मोडणे त्यांना किती कठीण होते, हे आदल्या दिवशी मी बघितलेच होते.

"शब्द दिला होता खरा," ते म्हणाले. आवाज नेहमीच्या जागी होता. "पाहुणे, माणूस नाही देता येत. तेल देतो. कारकून, उद्या त्याच घाणीवरचं एरंडेल डबे भरून यांच्याबरोबर द्या." मग चाचांकडे वळून म्हणाले, "आणि हे कोकलणं बंद करा. असला आवाज घेऊन आम्ही कोल्हापुरात शिरणार नाही."

"करतो की, सरकार. आत्ता करतो."

बकऱ्याच्या चरबीचे मिश्रण त्यांनी मोटारीच्या मागे, गोणपाटाखाली आणलेले होते. सरकार आणि पाहुणे तटाकडे चालत गेले. चाचांनी बाही वर केली, पेटीखाली घमेले सरकवले आणि मोटारीखाली शिरले. आतून त्यांचा आवाज आला.

"मास्तर, जरा नरसाळं धरा. पावण्यांचं तेल सांडाय नगं."