लोड जोडला की चारच येणार

शुक्रवारी आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल होतं आणि मी अजूनही धुमसतेय... लिहिल्याशिवाय डोकं शांत व्हायचं नाही.

इंदूरला शिकवायला येऊन मला बरीच वर्षं झाली. लॅबमधली एक लाडकी रीत मात्र काही केल्या सुटत नाही. उत्तर आधी फॉर्म्युल्याने काढायचं, तेच रीडिंग म्हणून लिहायचं आणि मीटर नुसता शोभेला ठेवायचा.

सर्किट साधं होतं. सारख्या किमतीचे दोन रेझिस्टर एकाखाली एक, त्यांना बारा व्होल्ट दिले की मधून सहा मिळतात. पण इथे खालच्या रेझिस्टरला समांतर तेवढाच तिसरा, म्हणजे लोड, जोडायचा होता. मग खालच्या जोडीचा रेझिस्टन्स निम्मा होतो आणि आउटपुट चारवर येतं.

बाकी सगळ्यांनी लोड विसरून सहा लिहिलं. चार लिहिलं ते एकट्या पल्लवीने... बेटम्याहून रोज बसने येणारी, कमी बोलणारी मुलगी. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी तिला सरळ नापास करायला घेतलं. म्हणजे अख्खं सेमिस्टर पुन्हा!

मी मध्ये पडले. "मॅडम, दोन बराबरचे रेझिस्टर आहेत, तर आधाच येणार ना," सर मलाच समजावू लागले. मग म्हणे मीटर खराब, मग म्हणे वायर ढिली. स्वतःचं गणित सोडून सगळ्यांवर शंका घेऊन झाली.

पल्लवीने लोड काढला. मीटरवर सहा. परत लावला... चार.

सरांनी मार्क दिले, पण उपकार केल्यासारखे. वर तिला म्हणाले, "अगली बार छह लिख देना बेटा, झंझट ही नहीं." बाकीच्यांचे पैकीच्या पैकी मार्क तसेच राहिले. ज्यांनी मीटरकडे ढुंकून बघितलं नाही ते हुशार, आणि जिने बघितलं तिने मात्र आपण खोटं बोलत नाही हे सिद्ध करायचं. संताप येईल नाही तर काय?

बाहेर आल्यावर पल्लवीने मला विचारलं, "मॅडम, मग पुढच्या वेळी काय लिहू?" ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच प्रश्न पडला होता.

म्हटलं, दिसेल तेच लिही बाळा. भांडायला मी आहे.