धुऊन, घडी घालून दिलेले लुगडे

दोन वर्षांपूर्वी आमच्या शिवणवर्गाच्या वार्षिक अंकात मी सुमनअक्कांवर एक लेख लिहिला होता. त्यात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. कापड दुकानाच्या शोकेसमध्ये लावलेले लुगडे 'फाटके, मळके' होते, असे मी लिहिले. ते फाटके नव्हते, मळकेही नव्हते. ते मी फाडले आणि मीच मळवले. अक्कांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकात तोच लेख पुन्हा घ्यावा, असे संपादक मंडळाचे म्हणणे होते. मी तो मागे घेतला आहे आणि त्याच्या जागी हा देत आहे.

अक्कांची पहिली ओळख त्याच दुकानात झाली. जळगावच्या बाजारपेठेतले ते मोठे दुकान. माझे तिसरीपर्यंतचे शिक्षण घरीच, आत्याकडे झाले. तिने पाटीवर इतके गिरवून घेतले की अक्षर वळणदार झाले, आणि त्या अक्षरावर मला दुकानातल्या पाट्या लिहायचे काम मिळाले. अक्का जिन्याखालच्या मशीनवर साड्यांना फॉल लावत. पहिल्याच दिवशी मला एक पाटी चार वेळा पुसून लिहिताना पाहून त्या म्हणाल्या, "अगं पोरी, साडीची किंमत आहे ती, लग्नपत्रिका नाही!" तेव्हापासून दुपारचा डबा मी त्यांच्या मशीनजवळ बसून खाऊ लागले.

त्या दिवाळीला दुकानाने योजना काढली : जुनी साडी द्या, नवीवर सूट घ्या. शेठजींच्या चिरंजीवांनी शोकेसमध्ये दोन पुतळ्या उभ्या केल्या. एकीला नवी सिंथेटिक साडी, पुढे पाटी 'आज'. दुसरीला जमा झालेल्यांपैकी एक जुने लुगडे, पुढे पाटी 'काल'. दोन्ही पाट्या माझ्या हातच्या. लुगडे एरंडोलजवळच्या एका खेड्यात शेतमजुरी करणाऱ्या कमलबाईंचे होते. त्यांनी ते धुऊन, गरम तांब्याने इस्त्री करून, घडी घालून दिले होते. एका जागी रफू होता, पण तो शोधावा लागेल इतका बारीक.

चिरंजीव वैतागले. "यात गरिबी दिसतच नाही. जरा पदर फाड की. आणि वर चहाचं पाणी मार."

मी कात्री घेतली. नाही म्हणायला हवे होते, हे मला तेव्हाही कळत होते.

हे लिहिताना आजही संताप येतो, आणि तो फक्त माझ्यावर नाही. घरोघरी रंगीत टीव्ही आले, तेव्हापासून मी पाहते आहे. साबण विकायचा तर गरीब माणूस मळका हवा. कॅलेंडर छापायचे तर तो हसरा हवा आणि डोक्यावर कणसांची टोपली हवी. धुतलेले लुगडे नेसून, दमलेल्या पायांनी कामाला निघालेली बाई मात्र कोणालाच नको, कारण तिला पाहून कोणाचा माल खपत नाही. मिळालेली गरिबी पुरेशी दिसत नसेल, तर ती दुकानात तयार करतात. मी केली आहे, म्हणून सांगते.

आठ दिवसांनी कमलबाई बाजाराला आल्या. शोकेससमोर थबकल्या, मग आत येऊन मलाच अहिराणीत म्हणाल्या, "माय, ते मन्हं लुगडं शे ना? मी तं धुईसन दिन्हं व्हतं. बठ्ठं गाव वळखस त्याले. लोके काय म्हनतीन, कमल असं फाटेल नेसस का?" आणि मग, "कोनी फाडं?"

मी म्हणाले, "आधीच विरलेलं असेल."

अक्कांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मग त्या उठल्या, चपला काढून शोकेसमध्ये चढल्या आणि पुतळीच्या अंगावरचे लुगडे सोडू लागल्या. बाहेर गर्दी जमली. चिरंजीव धावत आले. "अक्का, अहो काय करताय! भर बाजारात पुतळी उघडी पडली!"

"पुतळीला लाज नाही वाटत, भाऊ. या बाईंना वाटते," अक्का म्हणाल्या.

त्यांनी कमलबाईंना स्टुलावर बसवले, चहा मागवला आणि दुपारभर बसून तो पदर रफू केला. लुगडे कमलबाईंच्या पिशवीत घालूनच त्या उठल्या. संध्याकाळी अक्कांची नोकरी गेली. माझी राहिली.

पुढे अक्कांनी घरातल्या पुढच्या खोलीत शिवणवर्ग काढला आणि सहा महिन्यांनी मीही नोकरी सोडून तिथे गेले. एकदा धुळ्याचे एक दानशूर गृहस्थ वर्गाला चार मशिने द्यायला तयार झाले. त्यांचा निरोप आला, की फोटो काढायचा आहे, बायकांनी रोजच्या साड्या नेसाव्यात, गरज दिसली पाहिजे. अक्कांनी आम्हा सगळ्यांना लग्नातली साडी नेसून, गजरा माळून यायला सांगितले. फोटोग्राफर गोंधळला. "यांच्यात गरजू कोण?"

"सगळ्याच. शिवायची गरज आहे, रडायची नाही."

मशिने आली त्याच टेम्पोतून परत धुळ्याला गेली. पुढचे वर्षभर आम्ही दोनच मशिनवर पाळ्या लावल्या. "अक्का, तुमचा ताठा आम्हाला भारी पडला," असे एकीने तोंडावर सुनावले. "पडला खरा, बाई," म्हणून अक्का हसल्या आणि स्वतःची पाळी त्यांनी तिला दिली.

मी तो लेख लिहिला तेव्हा साऱ्यांनी वाखाणला. 'फाटके' हा शब्द मी भीतीपोटी लिहिला हे खरे, पण तो लेखात शोभतही होता, हे त्याहून वाईट. अक्कांनी लेख वाचून चष्मा काढला. "दुकानानं कमलबाईंना आठ दिवस काचेत उभं केलं. तू छापून ठेवलंस. आणि नावसुद्धा घातलं नाहीस त्यांचं." मला वाटले, आता त्या वर्गात सगळ्यांना सांगतील. त्यांनी कोणालाही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच मायेने काजे करायला शिकवली. ती माया सोसणे मला फार जड गेले.

अक्कांना सुईचे नाक असेच बिनचूक दिसत राहो, त्यांचे गुडघे कुरकुर न करोत, आणि आमच्या वेड्यावाकड्या शिवणी त्यांनी आणखी पुष्कळ वर्षे रागावून उसवाव्यात. त्यांच्या गौरवाच्या दिवशी मला त्यांच्यासमोर मान वर करून उभे राहायचे आहे. त्यासाठी आधी कमलबाईंना भेटले पाहिजे. मी अक्कांना सोबत चला म्हटले, तर त्या म्हणाल्या, "मी कशाला? फाडताना होते का मी?"

तेव्हा एकटीच जाते आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कमलबाईंच्या तिन्ही मुली माहेरी येतात, अंगणात झोका असतो, गल्लीतल्या बायका जमतात. त्या सगळ्यांसमोर बोलायची मला भीती वाटते, म्हणूनच दुसरा दिवस निवडला नाही. आखाजीच्या दिवशी, सकाळच्या पहिल्या एस्टीने.