ऐहिकाची खोली

मठातल्या त्या खोलीच्या दारावर एकच शब्द रंगवलेला होता: ऐहिक. खोली सांभाळणाऱ्या मावशींना पहिल्या दिवशी ते एखाद्या आजाराचं नाव वाटलं. मठात राहायला येणारा माणूस कपडे, घड्याळ, चपला, असेल नसेल ते गाठोड्यात बांधून इथे ठेवायचा आणि मठाचे कपडे घालून आत जायचा. ते गाठोडं वर्षभर जपायचं, कसर लागू द्यायची नाही, अधूनमधून ऊन दाखवायचं, हे मावशींचं काम. वर्षाच्या आत मन फिरलं तर माणसाने गाठोडं उचलून खुशाल घरी जावं. नाही फिरलं तर त्याला दीक्षा, आणि गाठोडं गरजूंना.

मावशींचा स्वभाव चौकस. ग्रंथालय सांभाळणाऱ्या साधूंना त्यांनी जिन्यातच गाठलं.

"ऐहिक म्हणजे काय हो?"

"इथलं. या जगातलं. त्याच्या उलट पारलौकिक, म्हणजे मेल्यानंतरच्या जगातलं."

"मग ते ठेवायची खोली कुठे आहे?"

"त्याला खोली लागत नाही, मावशी."

"म्हणजे झाडूही लागत नसेल. बरं आहे."

तेव्हापासून प्रवचनाला बसलं की मावशींचे कान त्या एका शब्दाकडे. ऐहिक सुख क्षणिक, ऐहिक मोह तुच्छ, ऐहिक वैभव फोल. बिचारा शब्द एकटा कधी यायचाच नाही, सोबत शिवी घेऊनच यायचा. त्यांनी तक्रार केली तेव्हा साधू हसून म्हणाले, शब्दाचा काही दोष नाही, ऐहिक कल्याण, ऐहिक उन्नती असंही म्हणतात, तेही माणसाने साधावंच. मग प्रवचनात ते का येत नाही, या प्रश्नाला मात्र त्यांनी बगल दिली.

एकदा तर कमाल झाली. एका निवृत्त मास्तरांनी प्रामाणिकपणे सगळं उतरवून ठेवलं आणि शेवटी तोंडातली कवळीही काढून टेबलावर ठेवली. आता कवळी इथली की तिथली? घास चावायचा तर इथली, पण तिच्यावाचून मंत्र म्हणायचे कसे? मठाच्या प्रमुखांना सगळे 'थोरले' म्हणत. प्रश्न त्यांच्याकडे गेला, आणि जेवण होईपर्यंत विचार करून त्यांनी निकाल दिला: कवळी आत, कवळीची डबी बाहेर.

पण मावशी या खोलीत आल्या त्या काही शब्दांच्या नादाने नव्हे. तिथलं एक गाठोडं त्यांच्या सख्ख्या दादाचं होतं. आईवडील गेल्यावर सुतारकाम करून दादानेच त्यांना वाढवलं, आणि नवरा गेल्यावर त्या त्याच्याकडेच परत आल्या. तो मठात गेला तशा मावशी थोरल्यांच्या मागे लागून ही नोकरी मिळवून बसल्या. लोकांना वाटलं, बाई भक्तीला लागली. भक्ती कसली! दादा परत फिरला तर गाठोडं त्याच्या हातात द्यायला आपण समोर असावं, एवढाच त्यांचा हिशेब.

वर्ष सरलं, दादा फिरला नाही. आता शेवटची एकच पायरी राहिली होती. दीक्षेच्या आदल्या दिवशी माणसाने आपलं गाठोडं स्वतः उघडायचं, एकेक वस्तू हातात घेऊन 'हे माझं नाही' म्हणायचं. खोली सांभाळणारीने साक्षीला उभं राहायचं. त्या वेळात घरादाराचा एक शब्द जरी तोंडातून निघाला, तर दीक्षा एक वर्ष पुढे. मावशींची सगळी आशा त्या एका शब्दावर होती.

दादा आला. बहिणीकडे न बघता त्याने गाठ सोडली. सदरा, विजार, वहाणा. माझा नाही, माझी नाही, माझ्या नाहीत. रंध्यावर हात जरा रेंगाळला, पण तोही बाजूला गेला. राहिली घराची किल्ली. "ही माझी नाही," म्हणून त्याने ती टेबलावर ठेवली आणि त्याच दमात म्हणाला, "मागच्या दाराची कडी अजून अडकते का गं?"

"अडकते."

"दोन थेंब तेल सोड. आणि ढकलत जाऊ नकोस, जरा उचलून सरकव."

बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने पहिल्यांदाच बहिणीकडे पाहिलं. सांगू नकोस, असं तो म्हणाला नाही. मान खाली घालून आत निघून गेला.

बाहेर थोरले थांबले होते. "काही बोलले का, मावशी?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर दादाची दीक्षा वर्षभर लांबली असती, आणि वर्षभरात त्याचं मन फिरूही शकतं. मावशींच्या ओठावर ते आलंही होतं. पण आपल्या घराचं दार नीट लागतं की नाही, याचा घोर त्याला अजून आहे, हे त्यांना कळलं होतं. आणि आपण त्याच प्रेमाची बेडी करून त्याच्या पायात घालायची, हे काही त्यांच्याच्याने होईना.

"वस्तूंचं बोलले," मावशी म्हणाल्या. "दुसरं काही नाही."

खोटं बोलल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी कडीत दोन थेंब तेल सोडलं, ती उचलून सरकवून पाहिली, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून पोटभर रडल्या.